मंगळ-गुरूच्या मधात गुलबहार

प्रिय उस्मान चाचा,

सलाम. तुमाले जाऊन तीन पावसाळे झाले, अन् मी कागद आज घेऊन बसलो. कारण ऐकाल त हसाल. आपल्या गुलबहार बँड पार्टीचं नाव आभाळात गेलं! खोटं नाई, तुमच्या क्लॅरिनेटची आण.

माही सुवर्णा आता मोठ्या दुर्बिणीवर नोकरी करते. तिच्या लोकाइले सूर्याभोवती फिरणारा एक लहानसा दगड सापडला. लघुग्रह म्हणते ती त्याले. नाव सुचवाचा मान तिले भेटला, अन् पोट्टीनं सुचवलं 'गुलबहार'. मंजूरही झालं! आठवते न ती? लग्नावरून येतानी टेम्पोत माह्या ढोलाले टेकून बसे अन् दिवेलागणीले चांदण्या मोजे. तुमी विचारत, "कित्ते हुए बेटा?" तिनं पन्नास म्हणलं की तुमी म्हणत, "एक छूट गया, फिर से गिन." तो सुटलेला एक भेटला बरं तिले.

चाचा, तो दगड मंगळ अन् गुरू यांच्या मधात फिरते म्हणे. बाप्पा! पत्रिकेत ज्या दोघाइनं एवढ्या पोरीइची लग्नं अडवली, त्याइच्याच मधात आपली पार्टी! पण तिथी हवाच नाई म्हणे. तुमी फुंकाल काय? डोळे मिटले की मले दिसते, लाल कोटातले आपण सातही जण त्या दगडावरून गोल गोल चाललो. आवाज नाई, वरात नाई, 'आटपा, मुहूर्त चालला' म्हणणारं कोनी नाई. तुमी पुढे, मी सगळ्यात मागे. वावरात मेथी खुडता खुडता मी असा तिथी जाऊन येतो, अन् बायको म्हणते, "अजी, जुड्या बांधून राह्यले का झोपून राह्यले?"

पण लिवाचं कारण वेगळंच हाय.

नाव मंजूर झालं तसा पोरीचा फोन आला. "बाबा, मोठ्या ढोलाचा फोटो पाठवा. चाचाइनं लिहिलेलं नाव दिसलं पाह्यजे, इथल्या सगळ्याइले दाखवाचं हाय." माह्या हातातलं खुरपं खाली पडलं. ते नाव आता कुठी हाय ढोलावर?

मी पुसलं ते, चाचा. मीच! तुमी छातीनं आजारी पडले, लग्नाच्या सुपाऱ्या बंद झाल्या, अन् वाशिमच्या एका पार्टीनं मले बोलावलं. म्हणे, ढोल आण, पण जुनं नाव नको. तुमी लाल रंगात बोट बुडवून लिहिलेलं नाव मी घासलेटच्या फडक्यानं पुसलं. एका सकाळीत.

अन् तुमच्या दारावरून जातानी ढोलावर गोणपाट टाकलं. तुमी ओट्यावर खाटेवर बसले होते. "क्यूं बे गजू, ढोल को कपडा कायको ओढाया? ठंड लगती क्या उसको?" मी म्हणलं, "धूळ लागते, चाचा." तुमी हसले. त्याच आठवड्यात गेले. तुमाले कळलं होतं का? कळलं होतं त रागवाचं न! एक शिवी त द्याची होती. ते हसणं मले आजही सहन होत नाई.

काल रंगाचा डबा आणला. म्हणलं आपणच लिहावं अन् फोटो धाडावा, पोरीले काय समजते? झाकण उघडलं अन् हात थांबला. पुन्हा गोणपाटच न ते! मंग कोऱ्या ढोलाचा फोटो धाडला अन् फोनवर तिले सारं सांगून टाकलं. ती म्हणाली, "चाचीले सांगतलं का, बाबा?"

नाई सांगतलं. सलमा चाचीले अजूनही वाटते, तुमी लिहिलेलं नाव ढोलावर हाय.

दिवाळीले सुवर्णा येऊन राह्यली. उरलेले आमी सहा जण लाल कोट घालून तिले आपल्या रिठदच्या स्टँडवरून वाजवत आणू, तुमच्याच गल्लीतून. तुमच्या दारापुढे थांबीन. चाचीले माह्या तोंडानं सांगीन, अन् ती जे बोलन ते मान खाली घालून ऐकीन. नाव पुन्हा लिवाचं का नाई, ते तिनं ठरवावं. पण त्या दिवशी ढोलावर कपडा राहणार नाई, चाचा.

तुमचा,
मोठ्या ढोलाचा गजू