रबरांचा डबा

प्रिय चिऊ,

सामान कधी बांधताय, हे तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी फोनवर हवापाण्याचं बोलत बसलो. बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून लिहितोय.

तुझी आई गेल्यावर शाळेतल्या तिच्या कपाटातलं सामान आणायला गेलो होतो. ब्रश, रंगाने माखलेला एप्रन, दोन किल्ल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, नवीन शिक्षक मिळेपर्यंत तिसरी ते सातवीचे चित्रकलेचे तास घ्याल का, जन्मभर नकाशेच काढलेत ना? नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसलो.

पहिल्याच तासाला घोळ घातला. वर्ग चौथीचा. दाराजवळच्या फळीवर पत्र्याचा डबा होता, आत खोडरबरंच खोडरबरं. मला वाटलं, मुलं विसरून गेलेली. मी मोठ्या मायेने प्रत्येकाला एकेक वाटलं. मुलं एकमेकांकडे बघून हसली, पण घेतली. मग तासभर नुसतं खसाखसा. घंटा झाली तेव्हा चौतीस करडे कागद, त्यातल्या दोन कागदांना भोकं, आणि चित्र एकही नाही. जाताना एक चष्मेवाली थांबली. म्हणाली, सर, बाई रबर आत येऊच द्यायच्या नाहीत, दारातच काढून घ्यायच्या. मी विचारलं, मग चुकलं तर? ती म्हणाली, माझ्या घोड्याला पाच पाय झाले होते, तर बाई म्हणाल्या, पळतोय वाटतं!

हे तुझ्या आईने मला कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी पेपर वाचत होतो, कोण जाणे.

तुला आठवत असेल, दर वाढदिवसाला ती म्हणायची, माझं एक चित्र काढा. मी काढायला घ्यायचो. नाकाशी अडायचो, खोडायचो, परत काढायचो, शेवटी कागद चुरगाळून टाकायचो. ती हसायची. म्हणायची, अख्खे डोंगर काढता, एवढंसं नाक तुम्हाला आवरत नाही? मग पुढच्या वर्षावर जायचं. तशी एकतीस वर्षं गेली.

गेल्या आठवड्यात चौथीला घरातलं माणूस काढायला दिलं, तेही पेनने. पोरं म्हणाली, सर, तुम्हीपण! सुटका नव्हती. तुझी आई काढायला घेतली. नाक गेलं एका बाजूला. हात खिशाकडे गेला, पण माझं रबरही डब्यातच होतं. चष्मेवाली येऊन बघून म्हणाली, बाई कुणाशी तरी बोलतायत ना? मी नीट पाहिलं. खरंच, मान वळवून बोलत होती. मग ती बघत होती त्या बाजूला मी उघडा पेपर धरलेले दोन हात काढले.

काल मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, वर्ष संपेपर्यंत थांबाल का. या वेळी विचार करून हो म्हणालो. माझ्यासाठी तू खोली रिकामी करून ठेवलीस, रागावू नकोस. सुट्टीत मीच येईन, पण राहायला नाही. मी इथे बरा आहे, चिऊ. खरंच बरा आहे. चित्र सोबत पाठवतोय, त्या खोलीत लाव. नाक तसंच ठेवलंय.

तुझाच,
बाबा