पुढची डावी पट्टी

१४ जुलै, सोमवार
पार्सल आलं. गाडीच्या खिडक्यांवर चिकटवायच्या चार काळ्या पट्ट्या. पाकिटावर ‘वायझर’ छापलंय, मी व्हायझर लिहिणार. वाकू नयेत म्हणून चारही कॉटवर सपाट ठेवल्या. ओरखडा नाही. तीन वेळा पाहिलं.
परवा पहाटे ताईला मुलगी झाली, तिच्या सासरी शिरूरलाच. आई असती तर पहिलं बाळंतपण इथं माहेरी मळ्यात झालं असतं, आता घरात आम्ही बापलेकच. बारसं २७ ला, रविवारी. ताई फोनवर म्हणाली, उमेश, बाकी काही आणू नको. पाळणा आण आणि आप्पांना आण.
पाळणा आणता येईल.

१५ जुलै, मंगळवार
जूनमधलं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
आप्पांना दमा. दौंडला डॉक्टरकडे निघालो होतो. भुरभुर चालू, काचा बंद, एसी. चौफुल्याच्या अलीकडे त्यांचा श्वास अडकायला लागला. काच खाली केली तर पाणी सरळ छातीवर. पुन्हा वर केली. चौफुल्याला गाडी हळू झाली तसं त्यांनी दार उघडलं आणि उतरले. गाडी थांबली नव्हती. मी ब्रेक दाबून मागे पाहिलं तर ते चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली, एक हात खांबाला. परत बसलेच नाहीत. कुणाच्या तरी मोटरसायकलवर घरी आले.
“त्या डब्यात मी परत बसायचा न्हाई.”
तेव्हापासून दौंड नाही, डॉक्टर नाही. दम्याच्या पंपावर चाललंय. एसटीत पावसाचं सगळे खिडक्या लावून बसतात, ते आणखी वाईट. मोटरसायकलवर शिरूरपर्यंत भिजत नेणं शक्य नाही.
व्हायझर असला की काच दोन बोटं खाली ठेवता येते. वारा येतो, पाणी येत नाही. एवढंच मला दाखवायचंय. आप्पांना अजून काही बोललो नाही.

१६ जुलै, बुधवार
पाळणा डिकीत मावत नाही. टेपनं मोजला, दोन इंच जास्त. मागची सीट पाडावी लागेल. म्हणजे आप्पा पुढे, डावीकडे. म्हणजे पुढची डावी पट्टी सगळ्यात महत्त्वाची.
खुणा ठरवल्या. पुढची डावी म्हणजे पुडा, तसंच पुउ, माडा, आणि मागची उजवी माउ. इथून पुढे असंच लिहिणार.
कंपनीत पॅकिंगच्या दिलीपला विचारलं. बिहारचा आहे, आधी गॅरेजमध्ये होता. म्हणाला दुकानात बसवून घेऊ नको, ते धुळीवरच चिकटवतात. साबणानं धू, स्पिरिटनं पूस, वाळू दे, मग दाब. “और भाई, चौबीस घंटा उसको हाथ नहीं लगाने का. रूठी हुई घरवाली समझ.”
मेडिकलमधून स्पिरिट घेतलं.

१७ जुलै, गुरुवार. सुट्टी
लावले.
सकाळी धुतलं. दारांच्या चौकटी स्पिरिटनं दोनदा पुसल्या. कापूस काळा निघायचा थांबेपर्यंत. आधी टेप न सोलता पट्टी धरून पाहिली, पेन्सिलनं खूण केली. मग दोन्ही टोकांचा कागद दोन-दोन इंच सोलला, बसवली, उरलेला हळूहळू ओढला. प्रत्येक ठिकाणी मनात तीस मोजेपर्यंत अंगठ्यानं दाबलं. पुडाला साठ. अंगठा दुखतोय.
शेजारचे बबनमामा बांधावरून, “काय उमेश, गाडीला भुवया काढल्या का?”
आप्पा ओट्यावर बसून सगळं पाहत होते. शेवटी विचारलं, “कशाला ह्ये?” मी म्हणालो, पावसात काच उघडी ठेवता येते. ते उठून आत गेले नाहीत.

१८ जुलै, शुक्रवार
सकाळी सहाच्या कंपनीच्या बसला जाण्याआधी पाहिलं, चारही पक्के. चारला परत आलो तर पुडाचं मागचं टोक सुटलेलं. नखभर. माउचंही थोडं. दाबलं, बसेना. टेप मऊ पडलाय, ओलसर.
दवामुळे? दिवसभर ढग होते. की मी दाबायला कमी पडलो? साठ मोजले होते. मोजताना मध्येच फोन वाजला होता, तेव्हा चाळीसवर सोडलं असेल का?
पट्ट्या मात्र काल होत्या त्याहून चकचकीत दिसत होत्या. बोटांना वास आला. कंपनीचाच असणार, माझ्या सगळ्या कपड्यांना येतो.

१९ जुलै, शनिवार
पुडा अर्धी लोंबतेय. बाकी तिन्हींची टोकं उचललीत.
शिफ्टमध्ये लक्ष नव्हतं, दोन खोक्यांवर लेबल उलटं लावलं. सुपरवायझरच्या आधी मलाच दिसलं.
दिलीप म्हणतो टेप खराब असेल. दौंडहून नवीन डबल टेप मागवला, त्याचाच रूममेट आणणार आहे.

२० जुलै, रविवार
शिफ्टवरून आल्यावर चारही काढल्या. जुना टेप नखानं खरवडला, दोन तास गेले. स्पिरिट. कापूस खूप काळा आला, गुरुवारपेक्षा जास्त. एवढी घाण तीन दिवसांत कुठून? आमच्या मळ्याची धूळ तर लाल आहे.
नवीन टेप. पुडाला शंभर मोजले.
ताईचा फोन. तिच्या सासूबाईंनी आज सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, माहेरचे येणार ना नक्की, की एकटा मामाच. ताई हसत सांगत होती. मला तिचं हसणं कळतं.
आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “बगू.” जूनपासून पहिल्यांदा ‘न्हाई’ म्हणाले नाहीत.

२१ जुलै, सोमवार
पुन्हा सुटली. पुडाच. बाकीच्याही सुटणार, टोकांना दिसतंय.
आता नवीन टेप होता, दव नव्हतं, फोन बंद ठेवला होता. म्हणजे माझ्याच हातात काहीतरी. आयटीआय एका वर्षात सोडलं तेव्हा सर म्हणाले होते, तुझं काम नीट असतं पण तू घाबरत करतोस. घाबरून दाबलं तर टेप सुटतो का?
सहा दिवस राहिले.

२३ जुलै, बुधवार
काल, आज हात लावला नाही. पुडा काढून घरात ठेवलीय.
उद्या सुट्टी. शेवटचा प्रयत्न. मग जमलं नाही तर

२४ जुलै, गुरुवार
सुट्टी होती तरी साडेसहाला जाग आली. खिडकीतून पाहिलं.
आप्पा गाडी पुसत होते. एका हातात जुनी बनियन, पायाशी ट्रॅक्टरचा डिझेलचा कॅन. ट्रॅक्टर विकून तीन वर्षं झाली, कॅन राहिलाय. बनियन बुडवायची, पिळायची, आणि दाराची चौकट, पट्टी, पट्टीची कड, कडेच्या आत बोट घालून. दोन दारं झाली की ओट्याला टेकून दम घ्यायचा, मग पुढचं दार. मी बसला गेलो की रोज हे चालू होतं.
इथं सगळे असंच पुसतात. दसऱ्याला ट्रॅक्टर, मोटरसायकल, सगळं डिझेलनं चमकवतात. मला हे कसं सुचलं नाही.
बाहेर गेलो. ते दचकले नाहीत, उलट खूश होते. म्हणाले, “पाव्हण्यांच्या दारात मळकी गाडी उभी करनार व्हय? ट्रॅक्टर बारा वर्सं असाच पुसला. लोकं तोंड बगायची त्यात.”
तिथं थांबायला हवं होतं. पाव्हण्यांच्या दारात, असं ते स्वतः म्हणाले होते. पण माझ्या डोक्यात टेप होता, शंभर मोजलेले होते. मी म्हणालो, “आप्पा, डिझेलनं डिंक सुटतो. तुमच्यामुळंच पडतंय ते.”
त्यांनी बनियनकडे पाहिलं. घडी घातली. खुंटीला अडकवली. कॅनचं झाकण लावलं.
“मला काय म्हाईत.” आणि थोड्या वेळानं, आत जाता जाता, “तुजं तू जा बारशाला. मी काय, नुस्ता बिगडवायला हाय.”
दुपारी चारही पट्ट्या लावल्या. नीट बसल्या. या वेळी घाबरलो नाही, त्याचंच वाईट वाटलं.

२५ जुलै, शुक्रवार
चोवीस तास झाले. चारही पक्क्या. नख जात नाही.
गाडीवर धूळ, कोंबडीनं बॉनेटवर घाण केलीय. मी शिफ्टवरून आल्यापासून आप्पांनी तिकडे पाहिलंही नाही. पंप दोनदा घेतला. जेवताना मी म्हणालो, आप्पा, पुसलेलं चांगलं होतं, फक्त डिझेल नको. ते म्हणाले, भाजीत मीठ कमी हाय.
मीठ बरोबर होतं.

२६ जुलै, शनिवार
उद्याची रजा मिळाली. केडगाव स्टेशनजवळच्या दुकानातून गाडी पुसायचं पिवळं फडकं आणलं. खुंटीला जुन्या बनियनशेजारी अडकवलं.
मग पुडाची काच दोन बोटं खाली केली आणि बादली घेऊन तांब्यानं वरून पाणी ओतलं. सीटवर वर्तमानपत्र पसरलं होतं. कोरडं. पुन्हा ओतलं, या वेळी जोरात, फेकून. कोरडं.
आप्पा ओट्यावर. मला वाटलं पाहत नाहीत.
“म्होरून मार. गाडी पळती तवा पानी म्होरून येतंया.”
पुढे जाऊन तिरकं मारलं. त्यांनी उठून येऊन खिडकीच्या फटीत हात घातला, वर्तमानपत्र चाचपलं. एका कोपऱ्यावर दोन थेंब होते. ते बोटानं पुसले. मग परत गेले.
ताईचा फोन आला. आप्पांना दिला. ते नुसतं हं, हं म्हणत होते. शेवटी म्हणाले, “पाळना घिऊन येतोय त्यो.” त्यो. म्हणजे मी. “येतो आमी” असं म्हणाले नाहीत.
पांढरा सदरा मात्र त्यांनी ट्रंकेतून काढून दोरीवर टाकलाय. वारा लागावा म्हणूनही असेल.

२७ जुलै, रविवार
चौफुला. ८.५०. गाडीतच लिहितोय, वही स्टिअरिंगवर आहे, अक्षर वाकडं येतंय.
सकाळी पाळणा ठेवला, दोरीनं बांधला. गाडी सुरू केली. भुरभुर होतीच. आप्पा पांढरा सदरा घालून ओट्यावर उभे. मी पुढचं डावं दार आतून उघडलं आणि समोर पाहत बसलो. बराच वेळ. मग दार लागल्याचा आवाज आला आणि शेजारी धापेचा.
एसी लावला नाही. काच दोन बोटं खाली. त्यांचा डावा हात पूर्ण वेळ दाराच्या हँडलवर होता. मी रस्त्यापेक्षा त्या हाताकडे जास्त पाहिलं, एकदा खड्डा चुकला नाही. फटीतून वारा येत होता. त्यांच्या कपाळावरचे केस हलत होते. सदरा कोरडा.
चौफुल्याला म्हणाले, “थांबीव.”
थांबवली. पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी दार उघडलं नाही. मग उतरले आणि त्याच टपरीच्या पत्र्याखाली जाऊन उभे राहिले. पंप घेतला. मी उतरलो नाही. उतरलो तर ते म्हणतील, तू जा. नाही उतरलो तर म्हणायला जवळ यावं लागेल.
इथून सरळ पाटस, दौंड. डावीकडे वळलं की केडगाव, पारगाव, न्हावरा, शिरूर. ब्लिंकर डावीकडचाच चालू ठेवलाय. टकटक वाजतोय. बारशाचा मुहूर्त अकराचा. मागून एसटीवाला हॉर्न देतोय, गाडी थोडी कडेला घेतली. आप्पांना वाटलं असेल मी निघालो, कारण ते लगेच पत्र्याखालून बाहेर आले.
आता खिडकीशी उभे आहेत. सदऱ्याच्या खिशातून पिवळं फडकं काढलं. मला माहीतच नव्हतं ते त्यांच्याजवळ आहे. पट्टीवरचं पाणी पुसतायत, बाहेरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कडेला बोट न घालता. पुसून झालं की पावसानं पुन्हा ओली होते. ते पुन्हा पुसतात.
दाराला अजून हात लावलेला नाही.