पत्र उजव्या हाताचं

अब्बासिया, कुवेत
१२ ऑक्टोबर २०२४

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या आशीर्वादाने आम्ही सर्व येथे कुशल आहोत. आपणांकडील क्षेम कळवावे. पत्रास कारण की, माझ्या कोपराचे व्यायाम घेणाऱ्या फखरुन्निसा आंटी यांनी मला दर आठवड्यास एक पत्र उजव्या हाताने लिहावयास सांगितले आहे. एप्रिलमध्ये शाळेच्या मैदानात आडव्या शिडीस लोंबकळताना पडून माझे उजवे कोपर मोडले, हे आपणांस ज्ञात आहेच. प्लास्टर निघून पाच महिने होत आले, तरी कोपर काटकोनापुढे वाकत नाही व हात तोंडापर्यंत पोहोचत नाही. डिसेंबरअखेरपर्यंत सुधारणा न झाल्यास डॉक्टर पुन्हा ऑपरेशन करतील. तथापि आपण काळजी करू नये. शर्मिला आत्याने पाठविलेले तेल बाबा रोज न चुकता चोळतात व हात नीट ओढून घेतात.

बोअरच्या पंपाचे काय झाले? वायंडिंग जळाले असल्यास नवाच घ्यावा. पेन्शनसाठी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावयाचा आहे, विसरू नये. गुडघ्याचे व्यायाम आपण नियमित करीत असालच.

हे पत्र शैलेशकाकांबरोबर पाठवीत आहे. ते बाबांच्याच शुऐबा येथील प्लांटमधून रजेवर सांगलीस येत आहेत.

आपली आज्ञाधारक नात,
कौमुदी


मिरज
२१ ऑक्टोबर २०२४

चि. विश्वास यास अनेक आशीर्वाद.

कौमुदीच्या नावाने तू लिहिलेलं पत्र मिळालं. शैलेशच्या बॅगेत खजुराच्या डब्याला चिकटून आलं, तिकीट नाही, शिक्का नाही. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला असं पत्र देणं म्हणजे हलवायाला शिळी जिलबी खाऊ घालणं. पण ते असो.

नऊ वर्षांची पोर, अब्बासियात वाढलेली, गेल्या उन्हाळ्यात इथे आली तेव्हा मला दर दोन वाक्यांनी 'व्हॉट' विचारणारी, ती 'तथापि' लिहिते? तिला माझ्या हयातीच्या दाखल्याची चिंता पडली? आणि बोअरच्या पंपाचं वायंडिंग ती केव्हा शिकली? शिवाय अक्षर डाव्या हाताचं आहे. सातवीत गणितात अकरा मार्क मिळाले तेव्हा प्रगतिपुस्तकावर माझी सही तू याच हाताने केली होतीस. तेव्हाही ओळ अशीच मागे रेलली होती. तेव्हा मी तुझ्या आईच्या सांगण्यावरून गप्प बसलो. आता ती नाही, त्यामुळे गप्प बसायचं कारणही नाही.

पोरीचं पत्र तू लिहिलंस तर हात कुणाचा सुधारणार? तुझा डावा. त्या फखरुन्निसाबाईंनी काही विचार करूनच सांगितलं असेल ना? प्लांटमध्ये कुणी दुसऱ्याच्या नावाने तपासणीचा कागद भरला तर तू त्याला सोडतोस का?

माझा गुडघा उत्तम आहे. नवीन बसवून अडीच महिने झाले. निखिल नावाचा फिजिओथेरपिस्ट घरी येतो, मी रोज तीस वेळा न चुकता वाकवतो. प्रणिताला आशीर्वाद. लोभ आहे, पण तू तो ताणू नयेस.

तुझा,
बाबा


अब्बासिया
२ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस सा. न.

तुमचं पत्र विश्वासच्या नावाचं होतं, ते मी फोडलं. पोस्टाच्या नियमात हे बसत नाही हे मला ठाऊक आहे, पण आमच्या घरात सध्या काहीच नियमात बसत नाही.

डाव्या हाताची भानगड मला तुमच्या पत्रातूनच कळली. मी दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, आणि घरात काय चाललंय ते मला मिरजेहून कळतं. परवा सुट्टी काढून मीच कौमुदीला बनेद अल-गारच्या क्लिनिकला घेऊन गेले. फखरुन्निसा हैदराबादची आहे, चाळिशीची, आवाज रिक्षावाल्यावर ओरडण्याइतका मोठा. तिने कोपराला मोठं कोनमापक लावून मोजलं. सप्टेंबरात ब्याण्णव अंश वाकत होतं, आता शहाऐंशी. महिनाभर व्यायाम करून हात उलट मागे गेला. घरी काय काय करता म्हणून तिने विचारलं, तर कौमुदीने सगळं सांगितलं. तेल, चोळणं, ओढणं, आणि कुणीतरी प्लांटमध्ये सुचवलं म्हणून हातात धरायला दिलेली पाण्याची अर्धी बादली.

फखरुन्निसाने पेन खाली ठेवलं. मुलांचं कोपर चोळलं-ओढलं की आतून सुजतं आणि जास्तच आखडतं, असं तिने मला दोनदा समजावलं. बच्चीचं कोपर म्हणजे गंजलेला नट नाही पान्याने फिरवायला, हे साहेबांना सांगा, म्हणाली. तेलाची बाटली मागवून घेतली आणि क्लिनिकच्या कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीत ओतली. दार बरं झालंय, हे शर्मिलाताईंना जरूर कळवा.

हात फक्त कौमुदीने हलवायचा. जेवायचं त्याच हाताने, केस विंचरायचे त्याच हाताने, पत्रंही त्याच हाताने. पण विश्वास तिला भरवतो. कंपनीच्या बसमधून उतरला की बूट काढायच्या आधी विचारतो, जेवली का. नऊ वर्षांची मुलगी चिमणीसारखी तोंड उघडून बसते. मी बोलले की तो उठून बाल्कनीत जातो आणि वाळत घातलेले कपडे पुन्हा वाळत घालतो. मला ऑपरेशनची भीती वाटते, बाबा. तो माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल, निदान घाबरेल तरी.

तुमची,
प्रणिता

ता. क. शर्मिलाताईंचा फोन आला होता. तुम्ही गुडघा पाच वेळा वाकवता, तीस सांगता, आणि निखिलला चिवड्याच्या बशीत गुंतवून ठेवता म्हणे.


मिरज
१२ नोव्हेंबर २०२४

चि. कौमुदीस खोटारड्या आजोबाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र आईकडून वाचून घे. बाबाकडून नको, तो मधली वाक्यं गाळेल.

तुझ्या आईने दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडलं. मी नोकरीत असतो तर तिच्यावर कारवाई केली असती. पण तिने लिहिलं ते खरं आहे. मी तीस वेळा वाकवतो म्हणून सांगतो आणि पाच वेळा वाकवतो. त्यातलेही दोन अर्धे असतात. निखिल चांगला माणूस आहे, फक्त चिवड्यापुढे त्याचं काही चालत नाही.

का ते तुला सांगतो, इतर कुणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटते. गुडघा जरा जास्त वाकला की वाटतं आतला नवा सांधा कटकन मोडेल आणि मी जन्माचा खुर्चीत बसेन. डॉक्टर म्हणतात मोडत नाही. डॉक्टरांना म्हणायला काय जातं, गुडघा माझा आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला भीती वाटते, तर नवव्या वर्षी तुला वाटणारच. त्यात लाजायचं काही नाही. पण आपण दोघं असेच बसलो तर मला संडासात बसता येणार नाही आणि तुला स्वतःच्या हाताने आंबा खाता येणार नाही. तुझं नुकसान मोठं आहे.

म्हणून आपला एक करार. तुझ्या उजव्या हाताचं पत्र ज्या दिवशी येईल, त्या दिवसापासून मी खरे तीस करेन. शर्मिला आत्या समोर बसून मोजेल, आणि ती पोलिसापेक्षा वाईट आहे. बाबाच्या डाव्या हाताचं आलं तर मी ते परत पाठवेन.

अक्षर वाईट येईल याची काळजी करू नकोस. लोकांनी हलत्या एसटीत मांडीवर लिहिलेले पत्ते मी वाचलेत. एकदा एका पाकिटावर नुसतंच 'मामाला, मिरज' एवढं लिहिलेलं होतं. तेही आम्ही चार दिवसांत पोहोचवलं. तेव्हा तुझी माया कागदावर कशीही उमटू दे, मला ती लागते.

तुझा,
आजोबा


अब्बासिया, कुवेत
२५ नोव्हेंबर

डिअर आजोबा,

शिरसाष्टांग म्हणजे झोपून नमस्कार असं बाबा म्हणाला. तो मला अजून जमत नाही, म्हणून उभ्याने नमस्कार. हे मी लिहिते आहे. आई समोर बसली आहे, विटनेस. आता हात दुखतो. ब्रेक.

दुसरा दिवस. फखरुन्निसा आंटी मला क्ले देते आणि एक दोरी ओढायला देते, आणि मी नाटक केलं की ती माझ्यापेक्षा मोठं नाटक करते. काल ती फ्लोअरवर झोपली आणि म्हणाली की मी आता मरते, तूच मला पाणी पाज, उजव्या हाताने. मी पाजलं. तिच्या कानात गेलं. ब्रेक.

तिसरा दिवस. तुम्ही तुमचं सीक्रेट सांगितलं म्हणून मी पण सांगते. मी शाळेत नाही पडले. समुद्राजवळच्या पार्कमध्ये पडले. बाबा म्हणाला अजून एक बार पकड, मी खाली उभा आहे. मग त्याला प्लांटमधून फोन आला. माझा हात सुटला तेव्हा तो तिकडे बघत होता. कारमध्ये तो म्हणाला आपण स्कूल सांगू. मी आईला इमर्जन्सीमध्येच खरं सांगितलं. पण आईला माहीत आहे हे बाबाला माहीत नाही. आई म्हणाली तो स्वतः सांगेल. तो सांगतच नाही.

चौथा दिवस. मला भरवून घ्यायला आवडत नाही. मी बेबी नाही. पण मी नको म्हटलं की बाबाचा चेहरा कसातरी होतो. म्हणून मी तोंड उघडते.

तुम्ही तीस करा.
कौमुदी


मिरज
७ डिसेंबर २०२४

चि. विश्वास यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मुलीचं पत्र आलं. ओळी डोंगर चढतात, दोन शब्द अजून लागलेले नाहीत, आणि छत्तीस वर्षांत इतकं चांगलं पत्र माझ्या हातून गेलं नाही. त्या दिवसापासून मी तीस करतो आहे. शर्मिला मोजते, चुकून एकतीस झाले तरी सांगत नाही.

ती कुठे पडली आणि तू कुठे बघत होतास, ते तिने मला लिहिलं आहे. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिला खरं लिहायला भाग पाडलं. प्रणितालाही एप्रिलपासून ठाऊक आहे. तू स्वतः सांगशील म्हणून ती आठ महिने वाट बघते आहे.

आता तुझ्या डाव्या भुवईवरच्या खुणेबद्दल. ती शेजारच्या बोकडाने दिलेली नाही. तू चार वर्षांचा होतास, सायकलच्या कॅरियरवर बसला होतास, आणि मी सायकल एका हाताने धरून एका माणसाशी मनिऑर्डरवरून भांडत होतो. भांडण रंगात आलं आणि मी दोन्ही हात वापरले. तू सायकलसकट गटाराच्या कडेवर पडलास. पाच टाके पडले. तुझ्या आईला काय सांगायचं, म्हणून मी बोकडाचं नाव घेतलं. गल्लीतल्या लोकांनी त्या बिचाऱ्याला दोन महिने बांधून ठेवलं. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि मी त्याची जन्मभर बदनामी केली.

त्यानंतर महिनाभर मी तुला खांद्यावर घेऊन फिरायचो. पोस्टात, बाजारात, सगळीकडे. शेवटी तुझी आई म्हणाली की जखम पोराच्या भुवईला आहे, पाय शाबूत आहेत, त्याला खाली ठेवा. तिला बोकडाचं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बायकांना ठाऊक असतंच, आपण फुकट बोकड शोधतो.

हात सुटतो, विश्वास. माझाही सुटला होता, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. पण त्यासाठी तू तिच्या तोंडात घास कोंबू नकोस. तुला वाटतं तू तिच्यासाठी भरवतोस. ती तुझ्यासाठी तोंड उघडते. तिचं पत्र सोबत पाठवतो आहे, शेवटचा परिच्छेद वाच आणि मग हात मागे घे.

लोभ आहेच. खूण माझ्या नावावर लिही.

तुझा,
बाबा


अब्बासिया, कुवेत
५ जानेवारी २०२५

डिअर आजोबा,

उभ्याने नमस्कार. हे पत्र दोन दिवसांत झालं, चार नाही.

बाबाने आईला सांगितलं. तो खूप वेळ सांगत होता. आई म्हणाली हो, माहीत आहे, आणि आता ती धुतलेली भांडी पुसून ठेव. मग बाबाने सगळी भांडी पुसली, कोरडी होती ती पण. मला त्याने ती खूण दाखवली. त्या बोकडाचं नाव काय होतं ते लिहा.

आता जेवताना बाबा स्वतःच्या हातांवर बसतो. खरंच बसतो, आई म्हणते पँटला सुरकुत्या पडतात. पहिल्या दिवशी मी एक तास जेवत होते. भात फ्रॉकवर, टेबलवर, बाबाच्या चष्म्यावर. तो उठला नाही. त्याचे पाय हलत होते पण तो उठला नाही.

काल क्लिनिकमध्ये मोजलं. एकशे चौदा. डॉक्टरांनी दोनदा मोजलं आणि म्हणाले ऑपरेशन नाही, तीन महिन्यांनी परत दाखवा. फखरुन्निसा आंटीने मला वरण-भात आणायला सांगितलं होतं, डब्यात. मी घास घेतला आणि तो तोंडात गेला. शेवटी थोडी मान मी खाली आणली. आंटी म्हणाली ही चीटिंग आहे, पण सगळे तसंच जेवतात, म्हणून पास.

मग ती म्हणाली आता हात सरळ किती होतो ते बघू, समोरच्याला भरव. समोर बाबा होता. त्याचं तोंड लांब होतं, मला हात पूर्ण लांब करावा लागला. तो हातांवर बसला होता आणि तोंड उघडून थांबला होता. मी भरवलं. अर्धा भात त्याच्या मिशीत गेला. तो रडायला लागला आणि म्हणाला वरणात मीठ जास्त आहे, म्हणून आई रागावली, कारण वरण तिने केलं होतं.

मी त्याला अजून एक घास दिला. त्याला नको होता, पण त्याने तोंड उघडलं.

तुमची,
कौमुदी