पान पाचवरच्या चार ओळी

आकुर्डी,
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय मैत्रीताई,
सप्रेम जयभीम.

बार्शीला कस्तुरा आत्याकडे तू आता रुळलीस, असं आईकडून कळलं. आत्याला माझा नमस्कार सांग. माझा फोन तू उचलत नाहीस, मेसेज पाठवला तर तो पोचतच नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. रोज दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करून पोट भरतो, पण तुला लिहायला बसलो तर मायना लिहूनच बराच वेळ थांबलो.

इकडचं नेहमीसारखं चाललंय. थंडी पडल्यापासून आईचा गुडघा परत धरलाय. संध्याकाळी ती गेटपर्यंत चालते, तिथल्या बाकावर बसते आणि अण्णांच्या कंपनीतले जुने कोणी दिसले की त्यांना थांबवून बोलते. मिनलची बँकेत बदली झाली, आता पुनावळ्याच्या शाखेत जाते. हायवेच्या खालच्या बोगद्यात गाड्या अडकतात, घरी येईपर्यंत तिचं डोकं उठलेलं असतं. सिद्धेशची उंची वाढली, मागच्या वर्षीच्या पँटी आखूड झाल्या. सातवीचा अभ्यास बरा चाललाय. कबड्डी तर त्याने उन्हाळ्यातच सोडली होती, आता घरात बसून चित्रं काढतो. त्याच्याबद्दल तू जुलैत विचारलं होतंस. तेव्हा सांगितलं तेच पुन्हा सांगतो. मी त्याच्याशी बोललोय, तो ठीक आहे. तू काळजी करू नकोस.

काल ज्योतीराम ऑफिसात आले होते. तुझ्या वर्गातल्या त्या मुलाचे वडील. मुलाचं नाव मी या पत्रातही लिहीत नाही. चाकणची पहिली शिफ्ट करून तसेच आले होते, अंगावर कंपनीचा शर्ट. रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं. मी खाली गेलो तर उठून उभे राहिले.

"साहेब, पुनावळ्याच्या शाळेच्या गाडीतल्या पोरीचं आठ दिवस पहिल्या पानावर होतं. आमचं कुटं होतं?"

मी म्हणालो, पान पाचवर दिलं होतं.

"ते पाह्यलं. त्यात काईच न्हाई. कोन सर, कुटला सर, काई कळत न्हाई." मग म्हणाले, "लाइनवर लोक म्हनतेत, खरं असतं तर पेपरात आलं नसतं का? परभणीहून माझा सख्खा भाऊ फोन करून म्हनला, तुमी देवमानसावर खोटं घातलं."

मी त्यांना चहा दिला. अशा प्रकरणात मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, हे समजावून सांगितलं.

"पोराचं नाव छापा असं कोन म्हनतंय?" ते म्हणाले. "त्याचं छापा ना."

चहा तसाच ठेवून गेले.

ताई, तू माझ्यावर का रागावलीस ते मला कळतं. चऱ्होलीच्या त्या क्रीडा अकादमीच्या वसतिगृहात संध्याकाळचे वर्ग घ्यायला लागून तुला महिनासुद्धा झाला नव्हता. ते पोर तुझ्याजवळ बोललं, तू त्याच्या आईबापांना बोलावलंस, त्यांच्यासोबत चौकीत गेलीस, स्वतःचा जबाब दिलास. तिथल्या प्रशिक्षकांना, हिंदुराव सरांना, अटक झाली त्या संध्याकाळी तू आमच्या हॉलमध्ये बसून मला म्हणालीस, "रत्ना, आता तुझं काम. नीट छाप, म्हणजे बाकीचे आईबाप आपल्या मुलांना विचारतील." मग चार ओळी आल्या. ऑगस्टमध्ये त्यांना जामीन मिळाला, चऱ्होलीत फटाके वाजले. अकादमीच्या ट्रस्टने तुला काढलं, रस्त्यात अडवून धमकावलं. ते सगळं मला ठाऊक आहे. पण तेव्हाच सांगितलं होतं, ती बातमी वरून कापली गेली. अकादमीच्या क्रीडा महोत्सवाची पुरवणी आम्हीच काढतो, तुला माहीत आहे. माझ्या हातात काही नव्हतं.

एकदा फोन उचल. आई वाट बघते. मीही.

तुझा,
रत्ना

* * *

आकुर्डी,
१५ डिसेंबर २०२४

ताई,
जयभीम.

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मनापासून वाटलंही नव्हतं. आई बरी आहे. गुडघ्यावर शेक घेते. ते तिने तुला फोनवर सांगितलंच असेल.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. एकदा नाही, दोनदा.

आधी बातमीचं सांगतो. ती वरून कापली गेली नाही. मी कापली.

नेहाने, आमच्या वार्ताहर मुलीने, पानाचा चांगला तिसरा हिस्सा भरेल एवढं लिहून दिलं होतं. मुलाचा कुठेही माग लागणार नाही अशी जपून लिहिलेली बातमी होती. तिच्या शेवटी एक वाक्य होतं. "अकादमीच्या उन्हाळी शिबिरांना गेलेल्या मुलांच्या पालकांनीही आपल्या मुलांशी बोलावं, असं आवाहन पोलिसांनी केलं आहे." ताई, मी सगळ्यात आधी ते वाक्य उडवलं. सिद्धेश लागोपाठ दोन उन्हाळे त्या शिबिराला, हिंदुरावांकडे कबड्डी शिकायला, गेला होता. ते वाक्य मलाच उद्देशून होतं. ते गेल्यावर बाकीचं कापायला जड गेलं नाही. हिंदुरावांचं नाव काढलं, म्हटलं वकिलाची नोटीस येईल. चऱ्होली काढलं, म्हटलं ओळख उघड होईल. उरल्या चार ओळी, त्या पाणीकपातीच्या वेळापत्रकाखाली टाकल्या. कोणाचा फोन आला नव्हता, कोणी दबाव टाकला नव्हता. पुरवणीचं कारण मला नंतर सुचलं. तू दारात उभी राहून "असं का केलंस" विचारलंस तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये आमच्या संपादकांनी, गणराज सरांनी, स्वतःहून विचारलं होतं, "चऱ्होलीचं पुढं काय?" मी म्हणालो, "तपास चालू आहे सर, नवीन काही नाही." ते पुढच्या विषयाकडे वळले. त्याच आठवड्यात पुनावळ्याचं प्रकरण आलं. ती माणसं आमचा पेपर घेणारी होती, टीव्हीच्या गाड्या दारात उभ्या होत्या. आम्हीही तुटून पडलो. सोसायटीच्या गेटचा फोटो छापला, इमारतीचा रंगसुद्धा. ते कुटुंब घर सोडून कुठे गेलं, कोणाला माहीत नाही. म्हणजे एका पोराला आम्ही दिसूच दिलं नाही आणि दुसऱ्या पोरीला दडायला जागा ठेवली नाही. दोन्ही पानं माझ्याच टेबलावरून गेली.

आता दुसरं खोटं. तू विचारलं होतंस, सिद्धेशशी बोललास का. मी हो म्हणालो. मी बोललो नव्हतो. मिनलने दोनदा विषय काढला, मी तिला म्हणालो, उगाच पोराच्या डोक्यात काहीतरी भरू नकोस. तो जेवायला समोर बसला की मी टीव्ही लावायचो.

ज्योतीराम येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी नेहा माझ्याशी न बोलता थेट सरांच्या केबिनमध्ये गेली. मग मला बोलावलं.

"बुद्धरत्न, या बातमीला मी हात लावला होता?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग नेहाला तू 'वरून कापली' म्हणालास. वरून म्हणजे कोण?"

नेहा तिथेच उभी होती. ओरडले असते तर बरं झालं असतं. सर वाट बघत बसले. मी म्हणालो, "सर, मला दोन दिवस द्या. मला आधी घरी काहीतरी विचारायचं आहे."

तरीही मी तुला ते पत्र पोस्टात टाकलंच. लिहून तयार होतं. खोटं आहे हे माहीत असून टाकलं.

रविवारी सिद्धेशला घेऊन मंडईत गेलो. येताना तो स्कूटरवर मागे, मधे भाजीची पिशवी. गाडीवर मागच्याचं तोंड दिसत नाही, म्हणून मला विचारता आलं.

"सिद्धू, कबड्डी का सोडलीस रे?"

त्याने पिशवी जवळ ओढली. मग म्हणाला, "सरांमुळे."

"मारायचे?"

"नाही."

मी गाडीचा वेग कमी केला. "मग?"

"खोलीवर बोलवायचे. एकेकट्याला."

"तुला बोलावलं होतं?"

"एकदा. दार लावलं त्यांनी. मी म्हणालो, माझे पप्पा पेपरात आहेत. मग म्हणाले, जा, मैदानात जा. परत मला कधीच नाही बोलावलं." आणि मग, "दुसऱ्यांना बोलवायचे."

खंडोबा माळाच्या चौकात मी गाडी बाजूला घेतली. उतरलो. त्याच्याकडे बघवत नव्हतं, तरी बघितलं. "मला का नाही सांगितलंस, बाळा?"

तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता. म्हणाला, "तुम्ही पेपरात आहात ना. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

ताई, माझ्या पोराला त्या दारातून बाहेर काढलं ते पेपरात येण्याच्या भीतीने. त्या माणसाला एवढीच एक भीती होती. ज्योतीरामच्या पोराकडे तेवढंही सांगायला नव्हतं. आणि जुलैत, ती भीती त्या माणसाला घालायची माझी पाळी आली तेव्हा, मी त्याला पाणीकपातीच्या खाली लपवला.

घरी येऊन मिनलला सगळं सांगितलं. ती माझ्यावर ओरडली नाही. सिद्धेशला जवळ घेऊन बसली. मंगळवारी एक महिला पोलीस अधिकारी साध्या कपड्यांत घरी आल्या. सिद्धेशने त्यांना आधी आपली चित्रं दाखवली, मग सांगितलं. आई आतल्या खोलीत होती. तिला नंतर कळलं. आता ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी त्या बातमीपासून मला बाजूला केलं, ते बरोबरच होतं. नेहाने नव्याने लिहिलं, वकिलाने वाचलं आणि मागच्या रविवारी पहिल्या पानावर आलं. हिंदुरावांचं नाव आहे. एकाही मुलाचा माग लागत नाही. आणि पालकांसाठीचं ते वाक्य या वेळी सर्वांत वर आहे. खाली चौकट आहे, की ही बातमी जुलैत आम्ही पुरेशी दिली नाही, चूक आमची. त्यात माझं नाव टाका, असं मी म्हणालो होतो. सर म्हणाले, "तुझं नाव टाकून तू मोकळा होशील. पेपर मोकळा होत नाही." या प्रकरणाची प्रत्येक तारीख, काही घडो न घडो, छापायची असं आता ठरलंय. किती दिवस टिकतं ते बघायचं. नेहा म्हणते, ती टिकवेल.

ज्योतीराम अंकाच्या प्रती घेऊन गेले. भावाला परभणीला पाठवणार म्हणाले. माझ्याशी जास्त बोलले नाहीत.

पुढचं लिहायला हात होत नाही, पण तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

बातमीनंतर आणखी दोन कुटुंबं पुढे आली. हिंदुरावांना पुन्हा अटक झाली आहे. त्यातलं एक कुटुंब जुन्नरकडचं आहे. त्यांनी मुलाला वसतिगृहात ठेवलं ते गणपतीनंतर. हिंदुराव तेव्हा जामिनावर होते. मुलांच्या आसपास फिरकायचं नाही अशी कोर्टाची अट होती, पण ती कोण बघत होतं? ट्रस्टने त्यांना पुन्हा मैदानात उभं केलं. त्या मुलाच्या आईने नेहाला विचारलं, "आम्ही तर चौकशी करून टाकलं होतं. पेपरपण वाचतो आम्ही. कुठंच काही नव्हतं." नेहाने मला ते जसंच्या तसं सांगितलं. मुद्दाम सांगितलं असावं. बरं केलं.

त्या पोराच्या बाबतीत जे झालं ते माझ्या चार ओळींनंतर झालं, ताई. हे मी कुठल्याच चौकटीत दुरुस्त करू शकत नाही. झोपताना वाटतं, सकाळी हे थोडं हलकं होईल. होत नाही. व्हावं असंही आता वाटत नाही.

जानेवारीत कोर्टाची तारीख आहे, तुलाही समन्स येईल. ज्योतीरामच्या पत्नी दुर्गाबाई म्हणाल्या, "बाई असल्या तर आमच्या पोराला धीर येतो. एकदा फोनवर तरी बोलायला सांगा." निरोप त्यांचा आहे. माझ्यासाठी ये असं मी म्हणत नाही. आमच्याकडे उतरायचं नसेल तर मिनलच्या आईकडे सोय केली आहे, स्टेशनवर मिनल येईल. मी समोर येणार नाही.

त्या दिवशी सिद्धेशलाही बोलावतील कदाचित. पेपरकडून नेहा असेल. मी बाहेर, ज्योतीराम आणि त्या जुन्नरच्या माणसाशेजारी उभा असेन. ते उभं राहू देतील तेवढ्या अंतरावर.

सिद्धेशचा बाप,
बुद्धरत्न