विहीणबाईंच्या गाडीतून

१२ फेब्रुवारी २००४, मखमलाबाद
मीनलनं दोघांची तिकिटं काढलीत. ह्यांचं एकच : "तू जाय. मला नाय जमायचं. गुलाबाला पाणी कोण भरील?" पाणी भरायला गडी आहे. खरं कारण आम्हा दोघांनाही माहीत. पोरीनं तिकडेच लग्न केलं, कळवलं नंतर. तेव्हापासून बापलेकीत बोलणं बंद. जावई हवाई बेटावरचाच, केओनी नावाचा. फोटो मी पाहिलाय, ह्यांनी नाही.
बॅग भरली. विहिणीसाठी खण-नारळ.

१९ फेब्रु., हिलो
पोचले. शेंडीचा नारळ विमानतळावरच काढून घेतला, बाहेरचं चालत नाही म्हणे. दाराबाहेर येऊन बघते तर रस्त्याला दोन्हीकडे नारळाचीच झाडं.
मीनलला दिवस गेलेत. पाचवा महिना. फोनवर बोलली नव्हती. मी तिच्या पोटावर हात ठेवला.
केओनीची आईही आली होती. थोराड बाई, पांढरे केस, पायांत रबरी चपला. गळ्यात हार घातला नि घट्ट मिठी मारली. नाव काय, तर नानी. मला हसूच आलं. आपल्याकडे नानी म्हणजे आजी. त्यांच्यात म्हणे सुंदर.

२१ फेब्रु.
ओटीचं अडलंय. नानीबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. भरावी का? घरी असते तर जावांना विचारलं असतं. मीनल म्हणाली, "आई, तुला वाटतं ते कर."
संध्याकाळी भरली. इथलाच नारळ. त्यांना काय चाललंय ते कळलं नसावं, पण पदर नाही तर झग्याचा घेर पुढे धरून उभ्या राहिल्या. डोळे दोघींचेही...

२४ फेब्रु.
पोरं कामावर. नानीबाई टेम्पोएवढी गाडी घेऊन दारात. "कम. पार्क." मीनलनं सांगितलं होतं, सरकारी पार्क आहे. मला वाटलं बाकडी, कारंजं, भेळवाला. हे तर अख्खं जंगल. बांबू, नेचे, सोनटक्क्याची पानं कमरेइतकी, फूल मात्र कुठे नाही. वाट संपते तिथे धबधबा, अकाका. सोमेश्वरचा आपला याचं पिल्लू.
पाण्याच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. तसंही माझं इंग्रजी सातवीतलं. दोघी कठड्याला धरून उभ्या. बरं वाटलं.
डब्यात त्यांनी अळूचे कंद उकडून आणलेले. यांच्या परसात अळू माजलंय. उद्या वड्या.

२८ फेब्रु.
वड्या उरल्या नाहीत. केओनीनं ताट पुसून खाल्लं. मला मॉम म्हणतो.
ह्यांना फोन केला. वड्यांचं सांगितलं, बाळाचं ओठांपर्यंत आलं नि राहिलं. "तिकडं पाऊस हाय का?" एवढंच विचारलं त्यांनी. मीनलचं नाव नाही.

४ मार्च
आज दुसरं पार्क, लाव्हाच्या झाडांचं. फार पूर्वी पातळ लाव्हा जंगलातून वाहत गेला, झाडांच्या खोडांभोवती थिजला. आतली झाडं जळाली, दगडाचे पोकळ खांब तेवढे उरले. एकात डोकावले. पाणी साचलेलं, डास.
तिथून समुद्राकडे नेलं. जमीन सगळी काळी, करपलेल्या भाकरीसारखी फुगून तडकलेली. नानीबाईंनी बोट दाखवलं, "माय हाऊस." मला काहीच दिसेना. घर, फुलांची शेती, सगळं त्या दगडाखाली. काही वर्षांपूर्वी परत लाव्हा आला तो हळूहळू, भांडी-कपडे काढता आले म्हणाल्या. म्हणजे त्याही आमच्यासारख्या फूलवाल्याच. मीनल कधी बोलली नाही.
मी विचारलं, "अँग्री?"
समुद्राकडे बघत म्हणाल्या, "येस. लाँग टाइम."
मग पुढे नेलं. दगडाच्या फटींत माती भरून नारळाची रोपं लावलेली. एकाच्या बुडाशी माती मलाही घालायला लावली.
परतताना गाडीत मी रडले. त्यांनी रुमाल दिला. गाडी चालवत राहिल्या.

९ मार्च
ह्यांना बाळाचं सांगायचं ठरवलं. मीनल नको म्हणते. "बाबांनी फोन ठेवून दिला तर?"
म्हटलं, मी बोलणार आहे ना. ठेवला तर माझा ठेवतील.

१० मार्च
दुपारी फोन लावला, तिकडे सकाळ. पंचवटीत फुलं घालून नुकतेच आलेले. आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. पलीकडे विहिरीवरचा पंप चालू होता, त्याचा आवाज तेवढा.
"कितवा?"
"सहावा लागलाय."
मला वाटलं, ठेवला फोन. मग म्हणाले, "तिथं डिंक मिळतो का? बाळंतिणीला लाडू लागतील."
"मला ठाऊक नाही. तिलाच विचारा," म्हटलं, नि फोन दारात उभ्या असलेल्या मीनलच्या हातात दिला. तिनं कानाला लावला. बोलेना. पण खालीही ठेवला नाही.
मी मागच्या पायरीवर येऊन बसले. पाऊस आला. दोरीवर कपडे होते. काढून आत न्यायचे तर तिच्यासमोरून जावं लागलं असतं. भिजू दिले.