पहिली भट्टी

गुरुजी, परवा त्या अमेरिकन मास्तरांचं चरित्र पहिल्यांदा स्वतः वाचलं. गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा मोठेपणी विद्यार्थ्यांबरोबर विटा भाजतो आणि त्या विटांनी विद्यापीठ उभं करतो. कुंडलबाहेरच्या माळावर, पत्र्याच्या वसतिगृहात, ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की पुस्तक उघडायची गरजच वाटली नव्हती. एक मात्र तुम्ही राखून ठेवलं होतंत. त्यांची पहिली भट्टी फसली होती. हे तुम्ही आमची फसल्यावर सांगितलंत.

शाळेच्या विटांसाठी ओढ्याकाठची काळी माती तुम्हीच दाखवलीत. मी आणि आटपाडीकडचा माझा सोबती, मेंढपाळाचा मुलगा, ती तुडवतो आहोत. विटांना उन्हात वाळतानाच तडे जातात. तुम्ही वाकून एका तड्यावरून बोट फिरवता आणि म्हणता, "रचा भट्टी." उघडली तेव्हा एकही वीट धड निघाली नाही. तुम्ही हसलात. "लय झ्याक. त्यांची पन पयली अशीच गेली हुती." त्या हसण्यात मला तेव्हा धीर दिसला होता. आता मला ते बोट दिसतं.

त्या दुपारी आम्ही तुमच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो. काकू चुलीपुढून म्हणाल्या, "आवं, मामंजींनी जलमभर भट्ट्या लावल्या. त्यांच्या लेकाला काळी माती विटंला चालत न्हाई ह्ये कळलं न्हाई व्हय?"

तुम्ही वाटी पुढे केलीत. "आमटी वाढ."

"वाढते. पन पोरांच्या पायांकडं बगा जरा."

तुम्ही पाहिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझ्या सोबत्यानं वळकटी बांधली. "मातीच तुडवायची तर आमची मेंढरं काय वाईट हायती, गड्या?" तुम्ही दारातूनच सुनावलंत, "पयल्या भट्टीला पळतो त्याला दुसरी दिसत न्हाई." तो वळला नाही. दुसऱ्या भट्टीसाठी माती नदीकडून आली, तीत राख मिसळली. तिच्यातली एक वीट तुम्ही मला दिलीत. सांगलीच्या घरात ती दाराला लावलेली असते.

येत्या रविवारी शाळेच्या भिंतीत तुमच्या नावाची शिळा बसते आहे. मी बोलायचं आहे. भट्टीची गोष्ट सांगा, असा आग्रह आहे. म्हणून सोबत्याला फोन केला. भट्टी फसणार हे गुरुजींना आधीच ठाऊक असेल का, विचारलं. मागे मेंढरांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "ठावं असंल तर माझी शाळा मास्तरनं खाल्ली. नसंल तर मातीनं. तुला काय सांगायचं ते सांग. मी काय यीत न्हाई."

तुमच्या बाजूनंही विचार करून पाहिला. वडिलांचा धंदा विसरायला तुम्ही बरीच वर्षं घातली होतीत. माती खरोखरच विसरला असाल. आपल्या हातांपेक्षा पुस्तकावर जास्त विश्वास ठेवणारा माणूस अशी चूक करू शकतो. चूक असेल तर तुम्हाला माफ करणं सोपं आहे. माझ्या सोबत्यालाही ते जमेल.

तरी मला चूक नको आहे. हा कागद घडी करून विटेखाली सारणार आहे, म्हणून लिहितो. भट्टी मुद्दाम फसू देणं ही तुमची युक्ती असेल तर मी तुमच्या कसोटीला उतरलो. चूक असेल तर मी नुसता मागे राहिलो. मला परत जायला मेंढरं नव्हती.