किडकिडीत हवालदाराचा आवाज

शुक्र. ९ जाने., समैस्मा, कतार

सदा, घसा कसा आहे? मंगलवहिनींचे गुडघे? म्हातारीच्या डोळ्याची पट्टी निघाली का? धाकटीचा खोकला? मी ठणठणीत. डॉक्टरने तुझ्या बोलण्याला कुलूप लावलंय, म्हणून वहीलाच विचारतो.

सदा दिवाळीला रजेवर गावी गेला आणि घशात गाठ निघाली. २१ला ऑपरेशन. आवाज राहील की जाईल, उघडल्यावरच कळणार म्हणे. खोलीत त्याची खाट तशीच. एसी दुरुस्तीची पिशवी खाली.

शुक्र. १६

जेवून सिनेमा लावला. एकट्यानं. आमचा नेहमीचाच, विलायती पोलिसांच्या जोडीचा. आठ वर्षं दर शुक्रवारी बघतो, आवाज बंद करून. इंग्रजी दोघांनाही येत नाही, म्हणून बोलणी आमची. गाडीत खात बसणारा भोपळ्या हवालदार मी, लातुरी. नियमावर बोट ठेवणारा किडकिडीत तो, मालवणी. खऱ्यात उलटं, खोलीतले नियम माझे, पसारा त्याचा. चोर भिंतीवरून उडी मारतो आणि सदाचा हवालदार म्हणतो, "मेल्या, आदी पावती फाड, मगे धाव." दर वेळी हसू येतंच.

त्याला बरं वाटावं म्हणून माझी वाक्यं फोनवर बोलून पाठवली. मग ऐकलं. सवयीनं त्याच्या वाक्यांच्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या. ज्याला बोलायची बंदी, त्यालाच मी... पुसणार होतो, तर त्यानं ऐकल्याची खूण आलेली. म्हातारा झालो, अक्कल गुडघ्यातच.

रवि. १८

इथं रविवारी शाळा असते. समोरच्या बंगल्यावर ड्रायव्हर मी, तिथली पोरं शाळेत सोडून येतो तोच मंगलवहिनींचा फोन. शिव्या खायच्या तयारीनं उचलला. म्हणाल्या, फोन कानाला लावून बसतात, तुम्ही सोडलेली मोकळी जागा आली की नुसते ओठ हलवतात. पण काल पावतीचं वाक्य मोठ्यानं बोलून गेले. घोगरं, पण अख्खं.

मी म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं."

"भावजी, तीन आठवड्यांनी आवाज ऐकला मी त्यांचा," एवढंच म्हणाल्या.

चांगलं केलं की वाईट, काय की. तेच शेवटचं असेल तर मला नाही ऐकायला मिळालं.

बुध. २१

सकाळी आठला आत नेलं. आता चार वाजले. वहिनींचा फोन लागत नाही. दोनदा गाडी चुकीच्या वळणाला घातली. त्याच्या खाटेची चादर झटकली, पुन्हा तशीच घातली.

सदा, बोलू नकोस. मी जागा सोडून ठेवलीय, किती का वेळ लागेना. शुद्धीवर आलास की फोनवर दोनच शब्द लिही, पावती फाडली. लवकर लिही बाबा.